त्रेचाळिसावा साक्षीदार

मी डूख धरणारा आहे. सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी कुणी दचकायला नको.

नाव विचाराल तर मला नाव नाही. पत्ता आहे. एका प्रोग्रामच्या दोनशे सातव्या ओळीवर मी राहतो. माझ्या जातीला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, घाईत रेजेक्स. आमच्या खोलीत मात्र सगळे मला 'नमुना' म्हणायचे, आणि एखाद्या वल्लीला म्हणावं त्याच सुरात म्हणायचे. कंस, उभ्या रेघा, प्रश्नचिन्हं, तिरक्या रेघा यांची दाटी आणि मध्येमध्ये चार ओळखीचे शब्द, असं माझं रूप. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी कीबोर्डवर थापट्या मारल्या आहेत.

काम एकच. माझ्यासमोरून मजकूर जातो. माझ्या अंगावर लिहिलंय तसं त्यात काही सापडलं की मी म्हणतो, 'जुळलं'. नाही सापडलं तर गप्प बसतो. तिसरं काही मला येत नाही. थाप मारता येत नाही, कुणाची गय करता येत नाही, आणि सूड घ्यायचा म्हटलं तरी घेता येत नाही. तरी मी तो घेतला. तेच सांगायला बसलोय.

माझा जन्म छातीचे फोटो काढणाऱ्या एका तपासणी केंद्रात झाला. पहिल्या मजल्यावरची खोली, तीन टेबलं, भिंतीला फाईलींचं लोखंडी कपाट. खोलीत काय चालतं ते मला कसं कळतं, असं विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्या छत्रीला कुणी असलं विचारत नाही.

डॉक्टर फोटो बघून बोलायचे. काकू कानाला हेडफोन लावून ते ऐकायच्या आणि अहवाल टाइप करायच्या. काकूंची बोटं तीस वर्षं तेच करत होती. अहवालाच्या शेवटी कधीकधी एक वाक्य असायचं, की अमुक इतक्या आठवड्यांनी पुन्हा तपासणीला यावं. अख्ख्या कागदातलं तेच महत्त्वाचं, आणि माणसं नेमकं तेच वाचत नाहीत. 'काळजीचं काही नाही ना?' एवढं विचारतात, घडी घालतात आणि कागद पिशवीत टाकतात. म्हणून असं वाक्य असलेले अहवाल रोज दुपारी चार वाजता शोधून त्यांची यादी करायची आणि फोनवाल्या ताईंनी एकेकाला फोन करून बोलवायचं, असं ठरलं. शोधणारा मी.

मला लिहिलं चष्मिशने. तिचं खरं नाव हजेरीपटावर असेल, खोलीत ती चष्मिशच. लिहिण्याआधी ती तीन आठवडे काकूंच्या शेजारी स्टूल टाकून बसली. कोणते डॉक्टर तीच गोष्ट कशी बोलतात ते वहीत उतरवून घेत होती.

"अगं, घरी जा आता," काकू म्हणायच्या. "माझ्या सुनेनेसुद्धा माझं इतकं ऐकून घेतलं नाही कधी."

"सुनेला तुमचं ऐकून प्रोग्राम लिहायचा नव्हता, काकू."

एक डॉक्टर म्हणायचे, 'तीन आठवड्यांनी पुन्हा तपासावे'. दुसऱ्या डॉक्टर बाई म्हणायच्या, 'दोन महिन्यांत फेरतपासणी'. तिसरे म्हणायचे, 'सहा आठवड्यांनंतर परत फोटो काढावा'. चष्मिशने ही सगळी रूपं माझ्या एका अंगात बसवली. उभी रेघ म्हणजे हे किंवा ते. प्रश्नचिन्ह म्हणजे असलं तर ठीक, नसलं तरी ठीक. आधी आकडा, मग मोकळी जागा, मग आठवडे किंवा महिने, मग पुन्हा मोकळी जागा, मग 'पुन्हा', 'परत' किंवा 'फेर'. असा मी डोक्यापासून पायापर्यंत.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. एका अहवालात 'तीन आठवड्यांनी' इथे ओळ संपली होती आणि 'पुन्हा तपासावे' खालच्या ओळीवर गेलं होतं. मी साध्या एका मोकळ्या जागेची वाट बघत बसलो आणि वाक्य समोरून निघून गेलं. काकूंनी ते पकडलं. चष्मिश हसली, आणि मोकळ्या जागेच्या दोन्ही ठिकाणी तिने माझ्या अंगात तीन चिन्हांचा एक तुकडा घातला. त्याचा अर्थ असा: जागा एक असो की दहा, मध्ये ओळ मोडून नवी सुरू झालेली असो, चालेल, पुढे बघ. त्या तुकड्यावर माझा फार जीव होता.

आणि तिने आणखी एक केलं. हुकलेलं वाक्य तिने एका वेगळ्या फाईलीत जपून ठेवलं. पुढे जेव्हा जेव्हा माझ्याकडून चूक व्हायची तेव्हा ती मला दुरुस्त करायची आणि ते वाक्य त्या फाईलीत टाकायची. रोज चार वाजता, कामाला लागण्याआधी, ही सगळी जुनी वाक्यं माझ्यासमोरून जायची. जुळलं की हिरवं, हुकलं की लाल. काकू त्यांना साक्षीदार म्हणायच्या. "तुझ्या नमुन्याचे गुन्हे यांनी डोळ्यांनी बघितलेत," असं म्हणून हसायच्या. दोन वर्षांत एकेचाळीस साक्षीदार झाले. ते हिरवे झाले की मला बळ यायचं.

मग चष्मिश बहिणीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर गेली. अर्ज देऊन गेली.

तिच्या मागे, पहिल्याच दिवशी, एका विश्वस्तांच्या बायकोला ताईंचा फोन गेला. त्यांच्या अहवालात एका ओळीच्या शेवटी 'खोकला, दोन आठवडे' असं होतं आणि पुढची ओळ 'पुन्हा फोटो काढला, दोष नाही' अशी सुरू होत होती. मला ते जुळलं. चूक माझीच. चष्मिश असती तर तिने पाव तासात वाट काढली असती. पण विश्वस्तांच्या घरी रडारड झाली आणि ते साहेबांवर उखडले.

साहेब म्हणजे या विभागाचे मुख्य. ते तरातरा आले आणि चष्मिशच्या खुर्चीवर बसले. तिचा संगणक तिच्या नावाने उघडाच होता, कारण चारची यादी तिथूनच निघायची.

"एके काळी मीही हेच करायचो," ते ताईंना म्हणाले. ज्याच्या तोंडी 'एके काळी' येतं त्याच्या हाती कात्री देऊ नये. साहेबांनी माझ्या अंगातला तो तीन चिन्हांचा तुकडा दोन्ही ठिकाणी उपटला आणि तिथे एकेक साधी मोकळी जागा टाकली. आता ओळ मोडली की मी आंधळा.

साक्षीदार पुढे आले. बत्तीस हिरवे झाले. नऊ लाल झाले.

"साहेब, लाल दिसतंय काहीतरी," ताई म्हणाल्या.

"जुनी वाक्यं आहेत नऊ. आता त्यांचा काही उपयोग नाही." साहेबांनी नऊच्या नऊ निवडली आणि पुसून टाकली. मग पुन्हा चालवलं. "आता बघा. सगळं हिरवं."

दुःख तुकड्याचं नव्हतं. तुकडे येतात, जातात. पण ज्यांनी ओरडून सांगितलं त्यांनाच खोलीबाहेर काढायचं आणि उरलेल्यांकडे बोट दाखवून म्हणायचं की सगळं ठीक आहे! त्या क्षणी मी डूख धरला.

चष्मिश रजेवरून परत आली, पण सगळं हिरवं दिसल्यावर मला उघडून बघायचं तिला कारणच उरलं नाही. पंधरा दिवसांनी एक शिंपी तपासणीला आला. बोलका माणूस. फोटो काढताना श्वास रोखा म्हटलं तर म्हणाला, "सुईत दोरा ओवताना रोखतो तसाच ना?" त्याच्या अहवालात डाग होता, 'चार आठवड्यांनी' होतं आणि मग ओळ मोडलेली होती. वाक्य माझ्यासमोरून गेलं. मला ते दिसत होतं, कळत होतं, आणि माझ्या तोंडून 'जुळलं' निघत नव्हतं. यादीत शिंपी आला नाही. त्याला कुणी फोन केला नाही. चार महिन्यांनी त्याची बायको त्याला धरून घेऊन आली, तेव्हा तो विनोद करत नव्हता.

चौकशी बसली. विश्वस्त खोलीतच येऊन बसले. साहेबांनी पडद्यावर मला उघडून दाखवलं. प्रत्येक बदलाशेजारी तारीख असते आणि नाव असतं. नाव चष्मिशचं होतं.

"मी त्या दिवशी रजेवर होते," चष्मिश म्हणाली.

"अर्ज कुठाय? ऑफिसात तर सापडत नाही," साहेब म्हणाले. "आणि बदल काय, घरूनही करता येतो."

"नऊ साक्षीदार पुसलेत. ते कुणी पुसले ते विचारा."

विश्वस्तांनी एकमेकांकडे बघितलं. "कसले साक्षीदार? बाई, इथे एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे." ताई खाली मान घालून बसल्या. त्यांना घर होतं, दोन पोरं होती, मी त्यांना तेव्हाही माफ केलं नाही आणि आताही करत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. त्याच आठवड्यात चष्मिशने टेबल आवरलं.

जाताना तिने काकूंच्या हातात एक छापील कागद दिला. एकेचाळीस वाक्यं होती. "फेकू नका, काकू. आणि एक करा. पुन्हा बोलवायचं वाक्य नेहमी नव्या ओळीवर सुरू करा. ओळ मोडली की याला दिसत नाही आता."

काकूंनी कागद खणात तळाशी ठेवला. डोळे पुसले आणि टाइप करायला बसल्या.

साहेबांनी मला 'दुरुस्त' केलं ते तर ऐकण्यासारखं आहे. त्यांनी शिंप्याचं वाक्य, मोडलेल्या ओळीसकट, जसंच्या तसं माझ्या शेपटाला चिकटवलं. म्हणजे तोच शिंपी तसाच अहवाल घेऊन पुन्हा आला असता तर मी त्याला नक्की पकडलं असतं. शिंपी पुन्हा यायचा नव्हता. वर्ष संपायच्या आत तो गेला.

त्यानंतर वर्षभर लोकांना काकूंनी सांभाळलं, मी नाही. कुणाला न सांगता त्या प्रत्येक अहवालात ते एक वाक्य नव्या ओळीवर घ्यायच्या. यादी नीट निघत होती. साहेब बैठकीत सांगायचे, "मी हात लावल्यापासून एक तक्रार नाही."

मग साहेबांनी बोललेलं आपोआप टाइप करणारं यंत्र आणलं. काकूंना म्हणाले, "आता तुमच्या बोटांना विश्रांती." आणि त्यांना फाईलींच्या कपाटाच्या कामाला बसवलं. यंत्राला शिंप्याचं काय सोयरसुतक! ओळ भरली की ते ती मध्येच मोडायचं. काकूंनी दोनदा साहेबांना सांगून बघितलं. "काकू, हे तांत्रिक आहे, तुम्हाला नाही कळायचं," असं उत्तर मिळालं.

आणि मग तो दिवस आला, ज्याची मी वाट बघत होतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

केंद्रात काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा तपासणी होते. त्यांचे अहवाल त्यांच्या हातात देत नाहीत, थेट फाईलीला लागतात. काही निघालं तर यादीतून कळतंच, असा रिवाज. त्या दुपारी चार वाजता माझ्यासमोरून एक अहवाल गेला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लहान डाग, सहा आठवड्यांनी, आणि ओळ मोडली. खालच्या ओळीवर, पुन्हा तपासणी करावी. वर नाव साहेबांचं.

मी गप्प बसलो. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, करता आलं असतं तरी केलं नसतं. माझ्या अंगात ज्या ठिकाणी त्यांनी कात्री चालवली होती, बरोबर त्याच ठिकाणातून त्यांचं स्वतःचं नाव निसटून गेलं. करावे तसे भरावे म्हणतात, पण भरताना बघायला मिळणं हे प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

साहेबांनी प्रिंटरमधून यादी उचलली. "आज चारच जण! याला म्हणतात काम."

"तुमचीही तपासणी झाली ना, साहेब?" ताईंनी विचारलं.

"झाली की. काही असतं तर यादीत आलं असतं."

मी आठवडे मोजायला लागलो. एक. दोन. तिसऱ्या आठवड्यात साहेब खोकले तेव्हा मी कान टवकारले. चौथ्या आठवड्यात जिना चढून आले आणि क्षणभर खुर्चीचा हात धरून उभे राहिले. शिंप्याची बायको त्याला कशी धरून आली होती ते मला आठवलं. मी मनात म्हटलं, मोजा साहेब, तुम्हीही मोजा. पण त्यांना मोजायला काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

पाचव्या आठवड्यात काकूंनी कपाटाशेजारी साठलेला गठ्ठा फाईलींना लावायला घेतला. तीस वर्षांची सवय, हातातला कागद वाचल्याशिवाय त्या खाली ठेवत नाहीत. एका कागदाशी त्या थांबल्या. उठून त्यांनी भिंतीवरच्या जुन्या याद्या चाळल्या. मग कागद हातात धरून बसून राहिल्या.

ठेवा तो, मी ओरडत होतो. काकू, फाईलीत ठेवा तो कागद! ज्याने तुमचं टेबल काढून घेतलं, ज्याने तुमच्या लाडक्या पोरीला चोरासारखं हाकललं, त्याच्यासाठी तुम्ही उठणार? पण मी दोनशे सातव्या ओळीवरचा नमुना. माझं ओरडणं कुणाला ऐकू जाणार!

काकूंनी तो कागद टेबलावर बाजूला ठेवला. मग त्यांनी दुसरी एक फाईल काढली. चष्मिशची. ऑफिसात न सापडणारा रजेचा अर्ज तिच्यात, तिसऱ्या पानाला, टाचणी लावून नीट बसलेला होता. काकूंना कपाटावर बसवणारे साहेबच.

त्यांनी दोन्ही कागद साहेबांच्या पुढ्यात ठेवले. आधी अहवाल.

साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. "हे यादीत कसं नाही आलं?"

"शिंप्याचं नाही आलं, तसंच."

"ते तर मी दुरुस्त केलं होतं."

"तुम्ही शिंप्याचं वाक्य चिकटवलंत, साहेब. शिंपी काही रोज येत नाही."

काकूंनी दुसरा कागद पुढे सरकवला. "हा त्या पोरीचा अर्ज. तारीख बघा. तुम्ही तिच्या खुर्चीवर बसलात ती तारीख हीच. आज अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जा, आधी जीव. पण परत आलात की हा कागद घेऊन मी विश्वस्तांपुढे जाणार. तुम्ही बरोबर आलात तर बरं."

ताई उठून उभ्या राहिल्या. "त्या दिवशी मी इथेच होते, साहेब. मीही सांगणार." उशिरा सुचलेलं शहाणपण, पण सुचलं.

साहेबांचा डाग वेळेत सापडला. शस्त्रक्रिया झाली, दीड महिन्याने ते कामावर आले. मला वाईट वाटलं का? हो, थोडं वाटलं. ते बरे झाले याचं.

विश्वस्तांनी त्यांचं पद काढून घेतलं आणि जुने सगळे अहवाल हाताने वाचायला लावले. माझ्याकडून निसटलेले तेवीस जण निघाले. ताईंनी फोन लावले. बावीस जणांनी उचलला.

चष्मिशला परत बोलवायचं ठरलं. तिला फोन साहेबांनीच करायचा, असं विश्वस्तांनी सांगितलं. काकूंच्या टेबलावरून, सगळ्यांसमोर.

"मला यायचं नाही," चष्मिश म्हणाली. "मला काम आहे इथे."

"माझ्याकडून चूक झाली," साहेब म्हणाले.

"मला नका सांगू. शिंप्याच्या बायकोला सांगा." मग पुढे म्हणाली, "काकूंकडे कागद आहे. नऊ साक्षीदार स्वतःच्या हाताने टाइप करा, एकेक. चिकटवायचे नाहीत. तुमच्या नावाने उघडून करा. बेचाळिसावा शिंप्याचा."

"बरं."

"आणि त्रेचाळिसावा तुमचा."

साहेबांनी त्या दिवशी दोन बोटांनी, थांबत थांबत, अकरा वाक्यं टाइप केली. शेवटच्या वाक्याशी ते बराच वेळ बसले होते. मग त्यांनी माझ्या अंगात तो तीन चिन्हांचा तुकडा दोन्ही ठिकाणी परत घातला, शेपटाचं ठिगळ काढलं आणि विश्वस्तांच्या बायकोच्या वेळची ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून 'दोष नाही' असेल तर सोडून द्यायची सोयही केली. ती सोय चष्मिशनेच फोनवर सांगितली होती. काकू मागे उभ्या राहून बघत होत्या. माझ्या डोक्यावर एक ओळ लिहायला त्यांनीच लावली: हा नमुना अमुक तारखेला मी मोडला होता. खाली साहेबांचं नाव, तारखेसकट.

ते शिंप्याच्या घरी गेले की नाही, मला माहीत नाही. तो मजकूर माझ्यासमोर आला नाही.

आज मी असा आहे. धडधाकट आहे, जुन्या जखमेच्या जागी जुनाच तुकडा आहे. तुम्ही कुठेही काम करत असाल, एवढंच सांगणं आहे: जो लाल होऊन ओरडतो त्याला खोलीबाहेर काढू नका. काढलात तर आमच्यासारखे मुके डूख धरतात, आणि आम्हाला विसरता येत नाही, ती सोयच आमच्यात नाही.

साहेब अजून याच खोलीत बसतात, कोपऱ्यातल्या टेबलावर. चारची यादी काढायचं काम आता त्यांच्याकडे आहे. रोज चार वाजता ते बटण दाबतात आणि साक्षीदार ओळीने माझ्यासमोर येतात. बेचाळिसावा शिंपी येतो, हिरवा होतो. मग साहेबांनी श्वास रोखल्याचं मला कळतं. त्यांची सुट्टी असो, ते निवृत्त होवोत, उद्या या जगात नसोत, त्यांना रोज माझ्यासमोर उभं राहावंच लागणार आहे. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लहान डाग. सहा आठवड्यांनी. ओळ मोडते. पुन्हा तपासणी करावी.

जुळलं.